बिननावाचे निबंध

साकोलीच्या कॉलेजातले शहारेबाबू कोणावर विश्वास ठेवत नाहीत, हे साकोलीत कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. एसटीवर भंडारा लिहिलेलं असतं, कंडक्टर भंडारा भंडारा म्हणून घसा कोरडा करत असतो, तरी हा माणूस आत चढून खिडकीतल्या बाईला विचारणार की बाई, गाडी भंडाऱ्यालेच जाते ना. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की मेडिकलवाल्याला विचारायचं आणि मेडिकलवाल्यानं दिली की डॉक्टरला. त्यांच्या मंडळी तुळसाबाई तर लग्नाचीच गोष्ट सांगतात. विहारापुढच्या मांडवात फोटोवाला खटाखट फोटो काढत होता. नवरदेवाला शंका आली की हा नुसताच चमकवून राहिला, आत रीलच नसेल. मांडवातून बाहेर पडल्याबरोबर यांनी कॅमेरा मागून घेतला आणि मागचं झाकण उघडून पाहिलं. रील होती. म्हणजे तोवर होती. त्या लग्नाचा एकही फोटो आज घरात नाही.

असा हा केशवराव शहारे, मूळ सिहोऱ्याचा, कॉलेजात आवक-जावक बाबू. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर गोल शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात चढवायचं आणि ज्याचा कागद त्याला द्यायचा. एकतीस वर्षं झाली. बाप सोमाजी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करत वाकला तो वाकलाच. छप्पनच्या दीक्षेनंतर घरात देव राहिले नाहीत, पण पाटी आली, आणि त्या पाटीवर शिकून केशवराव बाबू झाला. माणूस संशयी खरा, पण उगाच झाला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

पोळलं ते असं. वीस वर्षांमागं कॉलेजात पहिल्यांदा मोठी परिषद भरली. गावोगावच्या प्राध्यापकांनी आपापले निबंध टपालानं पाठवले. चांगले कोणते ते वाचून ठरवायला नागपूरहून एक मोठे सर आले होते. केशवराव नवीन आलेली पाकिटं घेऊन खोलीत गेला, तर सर नुसती पहिली पानं पाहत होते. पहिल्या पानावर नाव आणि आडनाव. आडनाव पाहिलं की कागद डावीकडे नाहीतर उजवीकडे. डावीकडचा ढीग झाल्यावर सरांनी चष्मा लावला आणि तेवढेच वाचायला घेतले. उजवीकडच्या ढिगात कोणती आडनावं होती, ते केशवरावाला ढीग उचलताना कळलं. त्याचं स्वतःचं आडनाव त्याच जातीतलं. बाजूला भुपेंद्र सर बसले होते, तेव्हा नवीनच लागलेले. त्यांनीही पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

केशवराव काय बोलणार? अकरा वर्षं झाली तरी नोकरी अजून पक्की व्हायची होती. आणि पुरावा कुठं होता? सर म्हणाले असते, मी आधी वाचून ठेवले होते. पण पुढच्या परिषदेपासून या माणसानं एक काम सुरू केलं. पाकीट फोडलं की पहिलं पान काढून आपल्या कपाटात ठेवायचं, दुसऱ्या पानावर नुसता आवक नंबर टाकायचा आणि बिननावाचा निबंध सरांकडे पाठवायचा. सरांनी विचारलं तर म्हणायचं, कार्यालयीन पद्धत आहे. कार्यालयीन पद्धत म्हटलं की आपल्याकडे कोणी पुढं विचारत नाही. ईमेल आले तेव्हाही त्यानं प्रिंट काढून तेच केलं. कोणाचा हुकूम नव्हता आणि कोणाला सांगितलंही नाही. घरी पोरीला मात्र माहीत होतं.

पोर म्हणजे प्रतिक्षा. तुमसरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, म्हणजे जितके तास घेतले तितकाच पगार आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते कोणालाच माहीत नाही. पीएच.डी. झाली तर पायाखाली काहीतरी घट्ट येईल. प्रबंध जवळजवळ लिहून झालेला. पण तिच्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं की एका तरी राष्ट्रीय परिषदेत निबंध घेतला गेल्याशिवाय मी सही करणार नाही. यंदाची जवळची परिषद एकच, ती बापाच्या कॉलेजात. विषयही तिचाच, तलाव आणि लोकजीवन. इथं निबंध नाकारला गेला तर वर्ष गेलं.

आणि यंदा प्राचार्यांनी हुकूम काढला की निबंध टपालानं नको आणि ईमेलनंही नको. सगळं ऑनलाइन. संगणक शिकवणाऱ्या जीवन सरांनी पोर्टल तयार करायचं आणि शहारेबाबूंनी त्यांना मदत करायची.

शहारेबाबूंच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. इतकी वर्षं कागद त्यांच्या हातातून गेला. आता तो कुठून येणार, कुठं जाणार आणि कोण पाहणार? हे जीवन सर तिशीतले, कानात नेहमी काहीतरी घातलेलं, बोलताना समोरच्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त पाहणारे. बाबूंनी पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून त्यांच्या पाठीशी मांडली आणि दिवसभर त्यांच्या खांद्यावरून पाहत बसले. जीवन सर बिचारे दोनदा म्हणाले की बाबू, चहा घेऊन या. बाबू हलले नाहीत. दाल में कुछ काला असलं तर ते चहाला गेल्यावरच शिजतं, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि काळं निघालं, बाप्पा! निबंध पाठवणाऱ्यानं भरायचा अर्ज पडद्यावर आला. आडनाव, नाव, वडिलांचं नाव. खाली जन्मतारीख. त्याखाली जात प्रवर्ग, आणि समोर लाल फुली, म्हणजे भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

"सर," बाबू म्हणाले, "तलावावरचा निबंध वाचाले जात कायले पाह्यजे?"

जीवन सरांनी कानातलं काढलं. पडद्याकडे पाहिलं, मग बाबूंकडे. त्यांचा चेहरा एकदम उतरला. झालं होतं असं की वेळ कमी होता म्हणून त्यांनी कॉलेजच्या प्रवेशाचा अर्जच उचलून इथं डकवला होता. आपल्याकडे कोणताही अर्ज जातीशिवाय पुरा होतो का? हात आपोआपच जातो तिकडे. प्रवेश अर्जातलं शाळा सोडल्याच्या दाखल्याचा रकानाही तसाच राहिला होता. विद्यापीठातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांना शाळा सोडल्याचा दाखला मागणार होते! जीवन सरांनी माफी मागितली आणि दोन्ही रकाने पुसून टाकले. चूक खरीच चुकीनं झालेली होती. पण बाबूंनी ती मनात नोंदवून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची आणखी एक वीत पुढं सरकवली.

आडनाव तर पाहिजेच, जीवन सर सांगत होते, प्रमाणपत्रावर टाकावं लागतं. पण वाचणाऱ्याला ते दिसणार नाही आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचं नाव दिसणार नाही. दोन्हीकडून पडदा. कोणता निबंध कोणाकडे जाणार हेही मशीनच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. बाबूंनी विचारलं की मग दिसतं कोणाला. सर म्हणाले, फक्त अ‍ॅडमिनला, म्हणजे मला. बस, इथंच पाणी मुरत होतं. बाबू उठून थेट प्राचार्यांकडे गेले. परीक्षेच्या पेपरच्या कपाटाला दोन कुलुपं असतात, एक चाबी प्राचार्यांकडे आणि एक ऑफिसात, मग याला एकच कशी, असं त्यांनी विचारलं. प्राचार्यांना निवृत्तीला सहा महिने होते, त्यांना वाद नको होता. दुसरा पासवर्ड शहारेबाबूंना मिळाला. जीवन सरांना वाईट वाटलं असणार. पण त्यांनी पासवर्ड कसा टाकायचा ते नीट शिकवलं.

निबंध येऊ लागले. बघता बघता शंभराच्या वर गेले. वाचणाऱ्या नऊ जणांची यादी भुपेंद्र सरांनी दिली. परिषदेचे संयोजक आता तेच, आणि यादीत त्यांचंही नाव होतं. ते नाव पाहून बाबूंना ती खिडकी आठवली. वीस वर्षं हा माणूस रोज समोरून जातो, नमस्कार करतो, पोरीच्या लग्नाचं विचारतो. तेव्हा तोंड फिरवलं ते लाजेनं की सामील होते म्हणून, हे बाबूंना अजून कळलेलं नव्हतं. विचारायची हिंमत त्यांनी कधी केली नाही, हेही तितकंच खरं.

निबंध वाटायच्या आदल्या दिवशी बाबूंनी हट्ट धरला की मला वाचणारा बनवा, तो काय काय पाहू शकतो ते मला पाहायचं आहे. जीवन सरांनी एक खोटा वाचणारा तयार करून दिला. बाबू आत शिरले. यादीत नुसते नंबर होते, नाव कुठंच नव्हतं. जीवन सर छाती फुगवून बसले. बाबूंनी एक निबंध उघडला. पहिल्याच पानावर वरती श्री गजानन प्रसन्न, खाली लेखकाचं पूर्ण नाव, वडिलांसह, आडनाव आधी, मुक्काम पोस्ट तालुका जिल्हा, मोबाइल नंबर, आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा फोटो. दुसरा उघडला. त्याच्यावर नमो बुद्धाय, नाव, आडनाव, आणि माजी सदस्य, ग्रामपंचायत. तिसऱ्यावर आईवडिलांना अर्पण, फोटोसह.

"लपवलं म्हणता ना तुमी?" बाबूंनी विचारलं.

जीवन सर म्हणाले की सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं, निबंधावर नाव टाकू नये. आता यांना कोण सांगणार! आपल्या भागात सूचना वाचायला कोणाला वेळ आहे? लिहिलं म्हणजे त्यावर नाव पाहिजे, आणि नाव आलं की गाव, देव आणि फोटो मागोमाग येतात. सालोसाल अशीच पद्धत. पहिल्या पानाशिवाय निबंध म्हणजे पाहुण्याशिवाय पंगत. बाबूंनी शांतपणे आपलं कपाट उघडलं आणि वीस वर्षांची काढून ठेवलेली पहिली पानं, दोरीनं बांधलेले गठ्ठे, जीवन सरांसमोर टेबलावर मांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ही गोष्ट कॉलेजात कोणाला सांगितली. आडनावं पाहून ढीग करणाऱ्या सरांचीही सांगितली. जीवन सर बराच वेळ ते गठ्ठे चाळत राहिले. मग म्हणाले, "बाबू, वाटप दोन दिवस पुढं ढकलतो. बसू आपण दोघं."

दोन दिवस दोघं बसले. एकशे बारा निबंध. बाबू निबंध उघडायचे, कुठं कुठं ओळख सांडली आहे ते दाखवायचे, जीवन सर तेवढं काढून नुसता नंबर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याऐंशी नंबर उघडला आणि बाबूंचा हात थांबला. निबंध प्रतिक्षाचा होता. पहिल्या पानावर काही नव्हतं. पोरीनं सूचना वाचली होती! आत सिहोऱ्याच्या बोडीचे म्हणजे लहान तळ्याचे, तिच्या पाळीचे म्हणजे बांधाचे, पाणी सोडायच्या जागेचे शब्द होते, आणि ते सारे बाबूंच्या आईचे, सुंदरबाईंचे. म्हातारी चौऱ्याऐंशीची, कानानं कमी ऐकते, पण तलावाचं विचारलं की थांबत नाही. पोरीनं तिचं नावही टाकलं नव्हतं. 'सिहोऱ्याची एक वयस्क बाई' एवढंच. बाबूंना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आपलीच माय परकी करून ठेवली पोरीनं, असं क्षणभर मनात आलं. जीवन सरांनी विचारलं, याच्यात काही काढायचं आहे का. बाबू म्हणाले, नाही जी, हे साफ आहे. कोणाचा आहे ते सांगितलं नाही.

घरी प्रतिक्षानं तसंच बजावलं होतं. बाबा, तुम्ही मध्ये पडायचं नाही, बाबूची पोर म्हणून घेतलेला निबंध मले नको. बाबू हो म्हणाले होते. पुढचे पंधरा दिवस ते रोज पासवर्ड टाकून फक्त एवढं पाहत की सत्त्याऐंशी वाचून झाला की नाही. वाचणाऱ्याच्या नावाचा रकाना बाजूलाच होता, त्यावर बोट ठेवलं की उघडणारा. त्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. हे सोपं नव्हतं, हे ज्यांना संशयाची सवय आहे त्यांनाच कळेल.

सोळाव्या दिवशी सकाळी अकराला निकाल लागला. सत्त्याऐंशी समोर लाल अक्षरात आलं, नाकारला.

 पोरीचं वर्ष गेलं. आणि त्यामागोमाग इतक्या वर्षांचा सगळा संशय उसळून आला. कोणी केलं? भुपेंद्रनंच. त्याला कळलं असणार. सिहोरा शब्द वाचला असेल, शहारेचं गाव सिहोरा हे कॉलेजात कोणाला माहीत नाही? ते तरातरा जीवन सरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, सत्त्याऐंशी कोणी वाचला ते सांगा. जीवन सर म्हणाले की बाबू, नाव कळायची भोकं तर तुम्हीच एकेक करून बुजवायला लावली, आता मीच ती कशी उघडू. मग हळूच म्हणाले, "तुमच्यापाशी पासवर्ड हाय. पाहायचं तं तुमी पाहा. मी नाही सांगत."

बाबू परत आपल्या खुर्चीवर येऊन बसले आणि दुपारी दोनपर्यंत नुसते शिक्के मारत राहिले. मग राहवेना. पासवर्ड टाकला. सत्त्याऐंशीची ओळ उघडली. वाचणाऱ्याच्या नावाचा रकाना समोर होता. आजवर त्यांनी दुसऱ्यांची नावं लपवली, आज पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव उघडायला त्यांचा हात शिवशिवत होता. तेवढ्यात दारात प्रतिक्षा उभी दिसली. तुमसरहून मिळेल त्या गाडीनं आली होती. डोळे लाल होते, पण रडणं रस्त्यातच उरकून आली असावी. हातात मोबाइल, आणि मोबाइलवर वाचणाऱ्याचा अभिप्राय. नुसता नाकारला नव्हता. तीन पानं लिहिली होती.

ती बापाच्या बाजूच्या स्टुलावर बसली आणि वाचून दाखवू लागली. चौथ्या पानावरचं वर्गीकरण अर्धवट आहे. सहाव्या पानावर जे फक्त सिहोऱ्याचं आहे ते सगळ्या जिल्ह्याचं म्हणून मांडलं आहे, लाखांदूरकडे आणि पवनीकडे जाऊन विचारलेलं दिसत नाही. संदर्भ दोन ठिकाणी चुकीचे. असे अकरा मुद्दे. बाबूंना प्रत्येक मुद्दा अंगावर चाबूक पडल्यासारखा लागत होता. मध्येच ते म्हणाले की हा माणूस खार खाऊन आहे, नाहीतर इतकं कोण लिहितं. प्रतिक्षा म्हणाली की सहाव्या पानावरचा मुद्दा बरोबर आहे. ती खरंच लाखांदूरला गेली नव्हती. जायचं जायचं म्हणत राहिलं. चौथ्या पानावरचाही बरोबर आहे.

"बाबा, माहं लिहिलेलं आजवर कोणी एवढं पुरं वाचलं नाही," ती म्हणाली. "माह्या गाइड बाईंनी पण नाही."

 यावर संशय कसा घ्यायचा ते बाबूंना सुचेना. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"कोण हाय तो, पाहू का? एका बोटाचं काम हाय."

प्रतिक्षानं त्या रकान्याकडे पाहिलं. तिलाही पाहायचं होतं, ते दिसतच होतं तिच्या तोंडावर.

"पाहा," ती म्हणाली. "पण मंग त्याले माहं नाव सांगा, तुमचं सांगा, आजीचं सांगा. बरोबरीचं होऊ द्या."

बाबूंचं बोट माऊसवर तसंच राहिलं. बाहेर चपराशानं तासाची घंटा दिली, पोरं वर्गातून निघाली, व्हरांड्यातून भुपेंद्र सर गेले आणि जाता जाता नेहमीसारखा नमस्कार केला. बाबूंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. काही कळलं नाही. कधी कळणारही नव्हतं, आणि हे जन्मभर छळणार हे बाबूंना त्याच क्षणी समजलं. त्यांनी रकाना न उघडता ओळ बंद केली, पासवर्ड काढला आणि पोरीला म्हणाले, राहिलेलं वाच.

तिनं शेवटचा मुद्दा वाचला. त्या कोणा माणसानं लिहिलं होतं की सिहोऱ्याच्या ज्या वयस्क बाईचं बोलणं नवव्या पानावर आहे, तिला तलाव जसा कळला आहे तसा तो एकाही सरकारी पुस्तकाला कळलेला नाही, पण एकट्या तिच्यावर सगळा जिल्हा उभा करू नका, तिच्यासारख्या आणखी दहा जणी शोधा आणि पुढच्या वर्षी या.

बाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पोरीचं वर्ष गेलं होतं, सही लांबली होती, तुमसरला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते कोणालाच माहीत नव्हतं. आणि त्यांची माय कोण, कोणत्या मोहल्ल्याची, आडनाव काय, हे माहीत नसलेल्या एका माणसानं तिच्याबद्दल हे लिहिलं होतं.

"तेवढं एक डाव अजून वाच," ते म्हणाले.